पाहणीला आलेली सवाष्ण

२०२३ साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती, आणि त्या वयात, आयुष्यात पहिल्यांदा, मला कागदोपत्री सिद्ध करावं लागलं की मी गरीब आहे.

तोवर कुणी विचारलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. खानापूर तालुक्यातून चुलत्याबरोबर कलकत्त्याला आलो तेव्हा तिसरी झाली होती. पुढची शाळा भट्टीसमोर. आमच्याकडची माणसं देशभर हाच धंदा करतात, गलाई म्हणतात त्याला. सोनारांकडून मोडक्या दागिन्यांची मोड आणायची, तुकडे आणायचे, दुकानातला केरसुद्धा आणायचा, आणि मुशीत घालून गाळून त्यातलं चोख सोनं-चांदी काढून द्यायची. बडाबाजारात एका जिन्याखाली माझं स्वतःचं दुकान होतं. पुढे मोठ्या मशीनवाल्यांनी गिऱ्हाईक ओढलं आणि मी दुकान बंद केलं. मुलगा आता दुसऱ्या शेठकडे पगारावर आहे. हावड्यात दोन खोल्या भाड्याने. पण कुणाच्या दारात जाऊन उभा राहिलो नाही. हे लिहिताना छाती पुढे येते, तर येऊ द्या.

नात आठवी संपवून नववीत जायची होती. शाळा खाजगी, इंग्रजी. ती शाळा मी निवडली नव्हती, मुलाने निवडली. त्याचं म्हणणं, आपण भट्टीत गेलो, ही जायची नाही. म्हटलं ठीक आहे, पोरगी हुशार आहे. विज्ञानात वर्गात पहिली येते. पण त्या शाळेची फी म्हणजे दरवर्षी अंगावर येणारं जनावर. आज कॉम्प्युटरची वेगळी, उद्या गॅदरिंगची वेगळी. गॅदरिंगला नाचायला पोरं, बघायला आईबाप, आणि वर पैसेही आईबापांनीच द्यायचे! त्या वर्षी फी पुन्हा वाढली आणि मुलाला दोनदा उशीर झाला. शाळेने बोलावून सांगितलं, नव्या वर्षाची फी वेळेत भरणार असाल तर नाव ठेवतो, नाहीतर दाखला घेऊन जा. दाखला घेऊन कुठे जायचं? नववीत, अध्येमध्ये, कोण घेतं?

त्यावर उपाय काढला बालीगंजच्या बाईंनी. त्यांचे यजमान बँकेत मोठे अधिकारी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या सुनेची आणि त्यांची ओळख झालेली. त्या म्हणाल्या, एक ट्रस्ट आहे. कमी पगारवाल्यांच्या मुलांची खाजगी शाळेची फी भरतो. अर्ज करा.

मी म्हटलं, "नको. फुकटचं नको."

सून माझ्याशी वाद घालत नाही. ती भाकरी थापत थापत बोलते, तव्याकडे बघून. म्हणाली, "आबा, फुकट नाही ते. तिच्या मार्कांवर आहे."

मार्कांवर म्हणजे बक्षीस. बक्षिसाला कोण नाही म्हणतं? मी मान हलवली. नंतर कळलं की मार्कांसाठी अर्जात एक ओळ आहे आणि गरिबीसाठी चार पानं. उत्पन्नाचा दाखला आणा, तो नगरसेवकाच्या सहीचा आणा, शेठची चिठ्ठी आणा, भाड्याची पावती आणा. घरमालक पावती देत नाही तर तो देत नाही असं लिहून आणा. ते लिहून द्यायला घरमालक तयार नाही! नगरसेवकाच्या ऑफिसात मी तीन वेळा गेलो. तिथला पोरगा दर वेळी मला विचारायचा, "दादू, बीपीएल?" दादू म्हणजे आजोबा. मी दर वेळी सांगायचो, "नाही. गलाई." त्याला गलाई कळत नव्हतं आणि मला दुसरं काही सांगायचं नव्हतं.

एवढं झाल्यावर कळलं, आता घरी पाहणी. ट्रस्टचं माणूस घरी येऊन बघणार, तुम्ही खरंच गरीब आहात का.

बालीगंजच्या बाईंचा फोन आला. त्यांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावायला सांगितला. "काका, तुम्हीपण ऐका. घर जसं आहे तसं दिसू द्या. मांडामांड नको, लपवालपवी नको. कळलं ना?"

कळलं सगळ्यांना. प्रत्येकाला वेगळं कळलं.

पाहणीच्या दिवशी सून सकाळपासून घर गरीब करत होती. दुसरा शब्द नाही त्याला. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, कारण ते जरा सोनेरी आहे. मिक्सर पलंगाखाली सारला. टीव्हीवर सासूचं जुनं लुगडं टाकलं.

"हे काय?"

"असू दे आबा, आजच्या दिवस."

"मिक्सर चोरीचा आहे का?"

"नाही हो. पण त्यांना वाटेल, यांच्याकडे सगळं आहे."

"मग आहेच की सगळं!"

आमची ही चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली, "टीव्हीला लुगडं नेसवलंय, आता हळदीकुंकू पण लावा त्याला."

मी मिक्सर बाहेर काढून ओट्यावर ठेवला. सुनेने तो परत आत सारला. मी काढला. मग मी माझ्या बाजूने तयारीला लागलो. पाहुणा घरी येणार असेल तर माणूस घर झाडतो, यात मला आजही काही चुकीचं दिसत नाही. पलंगावर ठेवणीतली सोलापुरी चादर घातली. पांढरं धोतर नेसलो, टोपी घातली. हिने दारात रांगोळी काढली. नात शाळेचा युनिफॉर्म घालून बसली होती, सुट्टीच्या दिवशी. ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिचं मराठी जरा बंगालीच्या वळणाचं आहे. म्हणाली, "आबा, तुम्ही आणि आई मिळून एक घर ठरवून घ्या ना. ती दीदी येणार आता."

बेल वाजली तेव्हा मिक्सर पलंगाखाली होता.

आली ती मुलगीच. पंचविशीतली असेल. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, भांगात शेंदूर, खांद्याला कापडी पिशवी. जिना चढून घामाघूम झालेली. मला वाटलं होतं चष्मेवाला कुणी साहेब येईल आणि मी त्याच्याशी ताठ बोलेन. हिच्याशी ताठ काय बोलायचं? आमच्या हिने तिला आधी पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, मग पोह्यांची बशी पुढे केली. पोह्यांना ती नको म्हणाली, पाणी मात्र दोनदा घेतलं.

बोलणं हिंदीत आणि बंगालीत मिसळून चाललं, मी इथं आपल्या भाषेत लिहितो. ती फोनवर एक एक प्रश्न वाचायची आणि उत्तर दाबायची. घरात माणसं किती, कमावतं कोण, संडास घरात की सामायिक. मी उत्तरं देत होतो. प्रत्येक उत्तराबरोबर माझं डोकं गरम होत होतं, पण मुलगी गोड होती, तिला काय बोलणार?

"दादू, आठवड्यातून मासे किती वेळा होतात?"

"होत नाहीत."

तिने काहीतरी दाबलं. सुनेच्या तोंडावर समाधान दिसलं. मला शंका आली.

"काय लिहिलंत? परवडत नाही असं लिहू नका. खात नाही असं लिहा. आमच्या घरात कधीच कुणी खाल्लेले नाहीत."

"तसा पर्याय नाही यात, दादू."

"मग तो करा."

ती हसली. नातीने कपाळाला हात लावला.

"टीव्ही आहे?"

मी उठलो आणि लुगडं ओढलं. "आहे. मिक्सर पण आहे, पलंगाखाली आहे, एरवी ओट्यावर असतो. घड्याळ पण आहे, सांग ना गं, घड्याळ कुठं ठेवलंस?"

सुनेचं तोंड असं झालं की मला वाटलं आता ही माहेरीच जाते. पण ती पाहुणी आणखी हसली. सुनेला वहिनी म्हणत बोलली, "बौदी, मिक्सर सगळ्यांकडे असतो. मिक्सरने कुणाचा अर्ज जात नाही." मग ती नातीशी इंग्रजीत बोलायला लागली. काय बोलल्या मला कळलं नाही, पण नात न अडखळता बोलत होती आणि ती मुलगी मान डोलवत होती, एवढं दिसत होतं. कसलातरी प्रयोग नातीने वहीत काढून दाखवला. सगळं छान चाललं होतं. इथवर सगळं छान होतं हे मला मुद्दाम सांगायचंय.

ती उठली. सवाष्ण बाई पहिल्यांदा घरी आली, ती रिकामी कशी जाईल? आमच्या हिने आधीच ताट करून ठेवलं होतं. हळदीकुंकू लावलं, ते तिने आनंदाने लावून घेतलं. मग हिने खण, नारळ, तांदूळ ओंजळीत घेतले आणि खुणेने सांगितलं, पदर पुढे कर. आणि आमच्या घरची एक रीत आहे, माझ्या आईपासूनची. पहिल्यांदा येणाऱ्या सवाष्णीच्या ओटीत चांदीची सुपारी घालायची. वाटाण्याएवढी असते. धंद्यात होतो तेव्हा मजुरीत आलेल्या उरल्यासुरल्या चांदीच्या मी त्या ओतून ठेवल्या होत्या, घरातल्या लग्नाकार्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना. त्यातली एक मी डब्यातून काढली आणि हिच्या ओंजळीत ठेवली.

ती मुलगी दोन पावलं मागे सरकली. "ना ना, दादू. हे काय? हे चालत नाही."

"चालतं. घ्यायचं असतं."

"आम्हाला काही घ्यायला मनाई आहे. चहासुद्धा नाही."

"ही ओटी आहे, मा," मी म्हटलं, इथं लेकीला मा म्हणतात. "ओटी परत घेत नाहीत."

"माझी नोकरी जाईल, दादू."

हे तिने हसत म्हटलं होतं. मला ते नेहमीचं 'अहो कशाला, अहो नको' असंच वाटलं. आपल्याकडे बायका तीनदा नको म्हणतात आणि चौथ्यांदा घेतात. तिने हात पाठीमागे घेतले. मी खणात सगळं गुंडाळलं आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीत घातलं. सून म्हणत होती, "आबा, राहू द्या." मी म्हटलं, "तू गप." ती मुलगी जिना उतरून गेली. मला फार बरं वाटलं. गरीब तर गरीब, पण घराण्याची रीत कळली असेल तिला, असं वाटलं.

आठवडा झाला नसेल, मोटरसायकलवरून ट्रस्टचा शिपाई आला. हातात खाकी पाकीट. त्यात खण होता, सुपारी होती. नारळ वेगळा, पिशवीत. आणि तांदूळ! ओटीतले तांदळाचे दाणेसुद्धा बारक्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवले होते. वर कागद, मिळालं म्हणून सही करा. मी पन्नास वर्षांत हजारो लोकांना त्यांचा माल परत दिला, गुंजभर इकडंतिकडं होऊ दिला नाही. पण ओटी कुणी मोजून परत करतं?

आमच्या हिने तांदळाची ती पिशवी उचलून बघितली. "भरलेली ओटी घरात परत आली," एवढंच म्हणाली. दिवसभर जेवली नाही. तिला काय समजवायचं? ट्रस्टला तरी काय समजवायचं?

मग बालीगंजच्या बाईंचा फोन. "काका, तुम्ही चांदी दिलीत? पाहणीला आलेल्या बाईला? चांदी?"

"सुपारी दिली."

"चांदीची!"

"मग कसली देणार? आमचा धंदा काय आहे?"

"अहो काका, त्यांच्या भाषेत त्याला लाच म्हणतात."

मी फोन सुनेच्या हातात दिला. सुनेने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अर्ज अडवून ठेवलाय, घरातल्या मोठ्या माणसाने ऑफिसात येऊन खुलासा करायचाय. शुक्रवारी समितीची बैठक आहे. तोवर मिटलं नाही तर नातीचं नाव गाळणार.

मुलाला रजा मिळेना. तो म्हणाला, "आबा, तुम्हीच केलंय, तुम्हीच निस्तरा. पण भांडू नका." मी बुधवारी बस धरून बालीगंजला गेलो. ऑफिस गार, काचेचं. टेबलापाशी एक साहेब बसलेले, वयाने माझ्या मुलाएवढे. बोलायला वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट बोलले असते तर मी दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

"बसा दादू. मला एकच समजवा. तुम्ही चांदी देऊ शकता, तर तुम्हाला मदत कशाला हवी? आणि मदत हवी असेल, तर चांदी कशासाठी दिलीत?"

म्हणजे दोन्हीकडून मीच अडकलो. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरी नवीन सून आली, मुलगी आली, तर तिच्या हातावर काही ठेवत नाही तुम्ही?"

"ठेवतो. पण ती आमच्या घरी पाहणी करायला येत नाही."

"आमच्या घरात जी येते ती पाहुणी. तुम्ही तिला कशाला पाठवलंत ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी डोळे चोळले. "हे बघा. तुमच्या नातीचे मार्क उत्तम आहेत. उत्पन्न बसतंय. पाहणीचा अहवाल चांगला आहे. सगळं मंजूर आहे, फक्त हे एक सोडून. तुम्ही लिहून द्या की भेट दिली ही चूक झाली, माफ करा. मी फाइल पुढे पाठवतो. नाहीतर समितीला वाटेल आम्ही पैसे खाऊन नावं घालतो. दुसऱ्या मुलांचंही नुकसान होईल."

"चूक झाली असं लिहू?"

"हो."

"ओटी भरली ही चूक?"

"दादू, एक ओळ आहे."

"माझ्या आईने आयुष्यभर केली ती चूक? माझी बायको दोन दिवस नीट जेवलेली नाही आणि मी लिहून देऊ की चूक झाली?"

ते म्हणाले, "मग शुक्रवारपर्यंत विचार करा." आणखीही काहीतरी म्हणाले, त्या मुलीला आता घरोघरी पाठवत नाही, हे मिटेपर्यंत तिला आत बसवलंय. मी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. जाताना दिसलीही ती, कोपऱ्यातल्या टेबलाशी, कागदांच्या ढिगाआड. मी तोंड फिरवलं. माझ्या मनात, हिनेच जाऊन चुगली केली. मी पिशवीत घातलं, हिने उघडून साहेबापुढे मांडलं.

गुरुवारी सकाळपासून घरात कुणी माझ्याशी बोलेना. सून तव्याकडे बघूनसुद्धा बोलेना. शेवटी आमची हीच म्हणाली, "तुमची ताठ मान, आणि पोरीची शाळा. बघा आता, दोन्हीतलं काय जड आहे ते. आयुष्यभर तोलत आलात की."

"तू पण? ओटी तुझ्या हातची होती!"

"माझ्या हातची होती. पिशवीत तुम्ही कोंबली."

संध्याकाळी नात शाळेतून आली. दप्तर फेकलं. शाळेत बाईंनी विचारलं होतं म्हणे, पुढच्या वर्षाचं काय, वर्गाच्या याद्या होतायत. तिने काय सांगितलं विचारलं, तर म्हणाली, "मी सांगितलं, माझे आजोबा विचार करतायत."

"अगं, मी खोटं कसं लिहू?"

"खोटं लिहू नका. काय झालं तेच सांगा. मी लिहिते."

ती वही घेऊन बसली. मी सांगू लागलो, ती इंग्रजीत उतरवू लागली. आमच्याकडे अशी रीत आहे, लिही. सवाष्ण बाई म्हणजे काय ते लिही. सुपारी वाटाण्याएवढी होती, लिही. त्याच्या बदल्यात काही मागायचं नव्हतं, लिही.

"आणि ती दीदी काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

"किती वेळा?"

"नेहमीसारखंच. बायका म्हणतात तसं."

"ती म्हणाली, माझी नोकरी जाईल. मी तिथेच उभी होती आबा. तिने हात मागे घेतले." पेन खाली ठेवून ती बघायला लागली. "आता कुठे असते ती?"

"ऑफिसात. बाहेर पाठवत नाहीत म्हणे."

"तुमच्यामुळे?"

"माझ्यामुळे कशाला? तिने सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"आणि कळलं असतं तर? मग तिला काढलं असतं ना. तिने बरोबर केलं. तुमच्या दुकानात कुणी चुकून जास्त सोनं सोडलं असतं तर तुम्ही ठेवून घेतलं असतं?"

चौदा वर्षांची पोर. मला म्हणायचं होतं की दुकानाचं वेगळं आणि घरचं वेगळं. म्हटलंही. तिने ऐकून घेतलं नाही. "माफी मागा, एवढंच. ट्रस्टची नको वाटते तर नका मागू," असं म्हणून वहीतला कागद फाडून माझ्या हातात दिला आणि आत गेली. कागदात माफी नव्हती. मी लिहू दिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी पहिली बस धरून मी बालीगंजला गेलो. ऑफिस उघडलं नव्हतं, पायरीवर बसलो. साहेब आल्यावर त्यांच्या मागोमाग आत शिरलो आणि कागद दिला. म्हटलं, "हिंदीत मोठ्याने वाचा. काय लिहिलंय कळल्याशिवाय मी सही करत नाही."

"दादू, बैठक आहे आज."

"म्हणूनच लवकर आलोय."

त्यांनी वाचलं. सगळं बरोबर होतं. शेवटी ते म्हणाले, "छान आहे. पण यात माफीचं काही नाही."

"तुमची मागायची नाहीये मला. तिला बोलवा."

"कुणाला?"

मी कोपऱ्याकडे बोट केलं. ती नुकतीच येऊन पिशवी खुर्चीला अडकवत होती. साहेबांनी मान हलवली तशी ती आली. घाबरलेली. मी आणखी काही पुढे करतो की काय असं वाटलं असेल तिला. टेबलाभोवती दोघंतिघं उभी राहिली. मी उठलो. माझं बंगाली बाजारातलं आहे, भाव करण्यापुरतं, पण तेच वापरलं. म्हटलं, "मा, दिलं यात माझी चूक नाही. तू नको म्हणालीस, हात मागे घेतलेस, तरी मी तुझ्या पिशवीत कोंबलं. ती चूक. त्याची माफी मागतो."

ती म्हणाली, "दादू, असं नका ना बोलू," आणि तिचे डोळे भरले. मला ते बघवेना म्हणून मी साहेबांकडे वळलो.

"आता जे बोललो ते जसंच्या तसं खाली लिहा. पहिलं वाक्यसुद्धा."

"पहिलं कशाला?"

"पहिलं नसेल तर सही नाही."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मी त्यांच्याकडून परत एकदा वाचून घेतलं. मग त्यांचं पेन घेतलं, ते नीट उठत नव्हतं म्हणून दुसरं मागितलं, आणि माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं मराठीत, सावकाश, जोडाक्षरं न मोडता लिहिलं. साहेबांनी फाइल उचलून बैठकीच्या गठ्ठ्यावर ठेवली. ती तिथं ठेवलेली डोळ्यांनी बघितली आणि मगच मी उठलो.